हिशोब ‘पारदर्शक’ होता असं लिहावं का?

पत्र: नमस्कार. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदाच्या गणेशोत्सवाचा वृत्तांत मी लिहिला आणि प्रूफ कमिटीत वाचायला फिरवलं, तर दोन वाक्यांवरून गडबड झाली. पहिलं वाक्य, “खजिनदारांनी नेहमीप्रमाणे ‘पारदर्शक’ हिशोब ठेवला.” हा खरं तर टोमणा होता, कारण मागच्या दोन वर्षांचा हिशोब सभेत आलाच नाहीये, पण खजिनदार काकांनी मला फोन करून आभार मानले. दुसरं वाक्य, “नव्या सूनबाईंनी छान ‘मराठी’ सूत्रसंचालन केलं.” ती मुलगी माहेरची मारवाडी, लग्नानंतर इथे मराठी शिकली, मला तिचं कौतुक करायचं होतं, शब्द उठून दिसावा म्हणून अवतरणात टाकला, तर तिच्या सासूबाई आता माझ्याशी बोलत नाहीत. प्रूफ अजून माझ्याकडेच आहे. अवतरणचिन्हं ठेवू की काढू? आणि टोमणा मारायचाच असेल तर मराठीत तो लिहितात तरी कसा?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर:

ताई, आधी सरळ उत्तर देते, दोन्ही अवतरणं काढा. पण नुसत्या त्या खुणा पुसून वाक्य आहे तसं ठेवू नका हं, वाक्यच नव्यानं लिहा, कसं ते पुढे सांगते. त्याआधी हे असं उलटं कसं झालं ते नीट बघू या, कारण ही तुमच्या एकटीची चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही, आपल्याला शाळेत जे शिकवलंय आणि आपण रोज पेपरात, फोनवर जे वाचतो त्याचा मेळच बसत नाही.

शाळेतलं व्याकरणाचं पुस्तक आठवा. दुहेरी अवतरण कधी, तर बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तेव्हा. एकेरी कधी, तर एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तेव्हा, आणि दुसऱ्याचं मत अप्रत्यक्षपणे सांगायचं असेल तेव्हा. आपण परीक्षेसाठी हे घोकलं आणि पुढे गेलो, पण जरा थांबून बघा, एकेरी अवतरणाला दिलेली ही दोन कामं एकमेकांच्या बरोब्बर उलटी आहेत. जोर द्यायचा म्हणजे हा शब्द माझा आहे, मनापासून माझा. दुसऱ्याचं मत म्हणजे हा शब्द माझा नाही, लोक म्हणतात तो मी चिमट्यात धरून तुम्हाला दाखवतेय. टोमण्याचं अवतरण या दुसऱ्या कामातून निघालंय. खजिनदार काकांनी पहिला नियम लावला आणि त्यांना शाबासकी दिसली, सासूबाईंनी दुसरा लावला आणि त्यांना सुनेचा अपमान दिसला. दोघांनीही व्याकरण बरोबरच वाचलं! खूण तीच, कोणता नियम लावायचा ते वाचणाऱ्याच्या मनावर, आणि मनावर म्हणजे त्याचं तुमच्याशी आधीपासून कसं आहे त्यावर.

इंग्रजीत टोमण्याच्या या अवतरणांना स्केअर कोट्स म्हणतात, एलिझाबेथ ॲन्सकोम या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंच्या 1956 च्या लेखात हा शब्द सापडतो. पण इंग्रजीवाल्यांची एक सोय आहे जी आपल्याकडे नाही. त्यांना जोर द्यायचा असला की अक्षर तिरकं करतात नाही तर सगळी कॅपिटल टाकतात, त्यामुळे अवतरण जोर दाखवायला वापरायची गरजच पडत नाही, निदान पडायला नको. आपल्या देवनागरीत कॅपिटल नाही, तिरकं अक्षर हातानं लिहिताना कुणी काढत नाही आणि छापलं तरी पटकन डोळ्यात भरत नाही, मग जोर द्यायला उरतं काय, तर ठळक अक्षर आणि अवतरण. म्हणून दुकानाच्या पाटीवर ‘शुद्ध’ तूप लिहिलेलं असतं, लग्नपत्रिकेत ‘सहर्ष’ निमंत्रण असतं. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं हो, पण ज्यानं टोमण्याचं अवतरण पाहिलंय त्याला ते तूप घ्यावं की नाही असा प्रश्न पडतो.

त्यात आपलं इंदूर! इथे आपण घरी मराठी बोलतो आणि बाहेर सगळं हिंदी वाचतो, आणि हिंदीत एकेरी अवतरणाचं अजून एक तिसरंच काम आहे, कवीचं उपनाम दाखवायचं. सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’, शिवमंगल सिंह ‘सुमन’, सुमनजी तर इथे शेजारी उज्जैनला विक्रम विद्यापीठाचे कुलगुरू होते, त्यांचं नाव असंच छापलेलं आपण लहानपणापासून बघतोय. तिथे अवतरण म्हणजे मान. गजानन माधव मुक्तिबोधांचं तर बघा, ग्वाल्हेर संस्थानात श्योपूरला 1917 मध्ये जन्मले, घर मराठी, शिकले आपल्या होळकर कॉलेजात, आणि मुक्तिबोध हे त्यांच्या घराण्याचं चालत आलेलं नाव, उपनाम नाहीच. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहायचे, ते मराठीत साधेच मुक्तिबोध. पण हिंदीत गजाननरावांचं नाव कितीतरी ठिकाणी ‘मुक्तिबोध’ असं अवतरणात छापलेलं मिळतं. म्हणजे एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांचं नाव, एका भाषेत अवतरणात आणि दुसऱ्या भाषेत बाहेर. तुमच्या स्मरणिकेचे निम्मे वाचक तरी हिंदी डोळ्यांनी मराठी वाचणारे असणार, त्यांना अवतरण म्हणजे काहीतरी खास, काहीतरी मानाचं असं वाटलं तर त्यांना बोल कसा लावणार.

आणि ही खूण मुळात आपली नव्हेच. होळकरांच्या दरबारचा मराठी कारभार मोडीत चालायचा आणि मोडीत स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही, अवतरण तर नाहीच, दोन शब्दांत जागासुद्धा सोडत नसत. विरामचिन्हं मराठीत आली ती इंग्रजांच्या काळात, मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटं पुस्तक काढलं तेव्हा ती मराठीत बसायला लागली. मग त्याआधी आपले लोक दुसऱ्याचे शब्द दाखवायचे कसे? तर वाक्यातच. जुन्या पत्रांत सारखं येतं, अमुक झालं तमुक झालं “म्हणोन लिहिलें तें कळलें”. हे म्हणोन आलं की कळायचं, इथपर्यंत समोरच्याचे शब्द, इथून पुढे माझे. आणि अविश्वास दाखवायचा असला तर आपल्याकडे ‘म्हणे’ आहे, केवढासा शब्द, पण काम बघा! “हिशोब तयार आहे” आणि “हिशोब तयार आहे म्हणे” या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते दाखवायला इंग्रजीवाल्याला आख्खं वाक्य जास्तीचं लिहावं लागेल. शिवाय म्हणवणारे आहे, म्हणून घेणारे आहे, कसला आलाय हिशोब असं आहे, नुसता ‘च’ आहे. हे सगळं मोठ्यानं वाचलं तरी ऐकू येतं, अवतरण ऐकू येत नाही. तुम्ही विचारलंत ना टोमणा मराठीत लिहितात कसा, तर असा लिहितात, शब्दांनी, आणि तो कुणाला कळला नाही असं होत नाही.

एक बारकी गोष्ट इथेच सांगून टाकते. तथाकथित लिहिलं की पुढच्या शब्दाला अवतरण लावायचं नाही. तथाकथित ‘समाजसेवक’ असं सर्रास छापतात, पण तथाकथितनंच ते काम करून टाकलेलं असतं, शिकागो विद्यापीठाच्या प्रेसची जी लेखनाची मार्गदर्शिका जगभर संपादक वापरतात तीसुद्धा इंग्रजीपुरतं हेच सांगते.

आता खजिनदारांकडे येऊ. ताई, तुमची तक्रार खरी आहे आणि महत्त्वाची आहे. मंडळ म्हणजे लोकांच्या वर्गणीचा पैसा, दोन वर्षांचा हिशोब सभेपुढे नाही ही काही टोमण्यात उरकायची गोष्ट नव्हे. पण तुम्ही काय केलंत, ती तक्रार दोन खुणांच्या आत ठेवलीत, आणि स्मरणिका छापून आली की काय होणार ते जरा डोळ्यासमोर आणा. वार्षिक सभेत वृत्तांत मोठ्यानं वाचला जाईल, वाचणारा काही दोन बोटं हवेत नाचवणार नाही, सभेला ऐकू येईल की खजिनदारांनी नेहमीप्रमाणे पारदर्शक हिशोब ठेवला. टाळ्या पडतील. आणि चार वर्षांनी कुणी खरंच हिशोब मागितला तर काका तीच स्मरणिका उघडून दाखवतील, तुमच्या नावानं छापलेलं प्रमाणपत्र! ज्या माणसाला तुम्हाला प्रश्न विचारायचा होता त्यालाच तुम्ही उत्तर लिहून दिलंत.

बरं, समजा सगळ्यांना टोमणा बरोबर कळला, तरी तुम्ही सुरक्षित आहात असं समजू नका. पुष्कळ लोकांना वाटतं अवतरणात टाकलं की कायद्यातून सुटलो, मी तर चांगलंच लिहिलंय असं म्हणता येतं. तसं नाहीये. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 499 होतं बदनामीचं, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात ते 356 झालंय, त्यात स्पष्टीकरणच दिलंय की उपरोधानं केलेला आरोपसुद्धा बदनामी ठरू शकतो. आणि त्यातलं उदाहरण वाचाल तर तुम्हाला तुमचंच वाक्य आठवेल, एक माणूस दुसऱ्याबद्दल म्हणतो की तो प्रामाणिक आहे, त्यानं अमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही, आणि हेतू हा की लोकांना वाटावं त्यानंच चोरलं. कायदा याला कौतुक मानत नाही. उलट खरी गोष्ट लोकांच्या भल्यासाठी सांगितली तर त्याला याच कलमात अपवाद आहे. म्हणजे बघा, “दोन वर्षांचा हिशोब सभेपुढे आलेला नाही” हे वाक्य खरं असेल तर ते लिहिणं तुमच्यासाठी ‘पारदर्शक’पेक्षा जास्त सुरक्षित आहे, कारण त्यात तुम्ही कुणाला चोर म्हणत नाही, सुचवतही नाही, जे झालं नाही तेवढं सांगता. टोमण्यात मात्र हिशोब दिला नाही हेही येतं, लपवला हेही येतं, खाल्ला हेही येतं, आणि यातलं नक्की काय तुम्हाला म्हणायचंय ते तुम्ही ठरवलेलंच नसतं.

मला या खुणेबद्दल सगळ्यात जास्त हेच खटकतं. लिहिणारा काहीतरी वाईट बोलतो पण त्याची जबाबदारी घेत नाही, विचारलं तर मी तर फक्त जोर दिला होता म्हणून मोकळा. आणि ज्याच्यावर ते पडतं त्याला भांडायला धड वाक्यसुद्धा मिळत नाही. सभेत उभं राहून तो काय म्हणणार, मला अवतरणात का टाकलं?

पण टोमण्याचं, म्हणजे हा शब्द माझा नाही असं सांगणारं अवतरण कधी लावूच नये असंही नाही हं, काही ठिकाणी ते लावलं नाही तर आपण खोटं बोलल्यासारखं होतं. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून आख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं, मूल जन्मलं की गुन्हेगारांच्या यादीतलंच. त्या कायद्याबद्दल लिहिताना ‘गुन्हेगार’ जमाती असंच लिहायला हवं, अवतरण काढलं तर तो शब्द आपण मान्य केला असं होईल, 1952 मध्ये स्वतंत्र भारतानं तो कायदा रद्द केला तरी. किंवा आपल्या इथलंच घ्या, 1 जुलै 1857 ला होळकरांच्या फौजेतल्या सआदत खानांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला केला, इंग्रजी कागद त्याला ‘बंड’ म्हणतात, तो शब्द द्यायचा तर अवतरणात द्या, म्हणजे कळेल की तो त्यांचा. या दोन्ही ठिकाणी काय आहे बघा, शब्द कुणाचा ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे, तो शब्द त्या लोकांनी खरंच वापरलाय, आणि तो ज्यांनी वापरला ते बलवान होते. तुमच्या खजिनदारांनी कधी कुठे लिहिलंय का, की माझा हिशोब पारदर्शक आहे? लिहिलं असेल, समजा मागच्या अहवालात, तर तारखेसकट ते वाक्य दुहेरी अवतरणात द्या आणि पुढे लिहा की हिशोब अजून सभेपुढे यायचाय. मग ते अवतरण बरोबर. नसेल लिहिलं तर तो शब्द त्यांचा नाही, तुमचाच आहे, आणि स्वतःचाच शब्द स्वतः अवतरणात टाकून त्यांच्या तोंडी घालणं बरं नाही.

आणि आता सूनबाई. खरं सांगू, तुमचं पत्र वाचल्यापासून माझं मन तिच्यापाशीच अडकलंय, हिशोबाचं काय, तो आज ना उद्या लागेल. परक्या भाषेच्या घरात आलेली मुलगी, सासरची भाषा शिकते, नुसती घरात बोलण्यापुरती नाही तर माइक हातात घेऊन मंडळासमोर उभी राहते, एवढ्या मराठी मंडळींसमोर ज्यातले निम्मे चूक काढायलाच बसलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशी वाचते की तिचं मराठी अवतरणात आहे. तुमचा हेतू चांगला होता, मी मानते. पण तिच्या जागी बसून वाचा. भाषा, जात, धर्म, शिक्षण, नातं, माणूस जे आहे किंवा जे व्हायला त्यानं कष्ट घेतलेत, त्या शब्दाला अवतरण लावलं की ते काढून घेतल्यासारखं होतं. ‘लेखिका’, ‘डॉक्टर’, ‘शिकलेली’ सून, ‘सावत्र’ भाऊ, असं कुणी आपल्याबद्दल लिहिलं तर आपण हेतू विचारायला जात नाही, लागायचं ते लागून जातं. आणि आपण इंदूरवाल्यांना तर हे कळायलाच पाहिजे. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आपलं बोलणं ऐकतात, “काय करून राहिलेत”, “ती येऊन राहिली आहे” ऐकून हसतात, आणि आपलं मराठी त्यांच्या मनात असंच अवतरणात जातं. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून, राजवाड्याच्या आसपास मराठी बोलत मोठे होऊन, आपल्याला आजही कुणीतरी विचारतं की तुम्ही घरी खरंच मराठी बोलता? तेव्हा कसं वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. तेच त्या मुलीला वाटलं, फरक एवढाच की तिला ते आपल्याकडून मिळालं.

कौतुक करायचं तर मोकळेपणानं करा, काय आवडलं ते सांगा. मी असं लिहीन, “सूत्रसंचालन यंदा प्रथमच आमच्या नव्या सूनबाईंनी केलं. लग्नानंतर त्या मराठी शिकल्या, आणि आरतीपासून बक्षीस समारंभापर्यंत सगळा कार्यक्रम त्यांनी कागद न बघता सांभाळला.” कागद न बघता हे खरं असेल तरच हं, नसेल तर जे खरं असेल ते, एखादी ओळ त्या छान म्हणाल्या असतील तर ती द्या. त्यांच्या तोंडचे शब्द दुहेरी अवतरणात, जसेच्या तसे, ही या खुणेची सगळ्यात चांगली जागा आहे. फक्त छापण्याआधी त्यांना स्वतःला वाचून दाखवा, सासूबाईंच्या मार्फत नको, सरळ त्यांनाच, कारण शिकलेली भाषा लोकांनी बोलून दाखवावी असं सगळ्यांना वाटतं असं नाही, त्या म्हणाल्या की लग्नानंतर शिकले हे कशाला, तर ते काढून टाका. आणि सासूबाईंकडे जाल तेव्हा, मी जोर दिला होता, तुम्ही चुकीचं वाचलंत असं म्हणू नका, त्यांनी चुकीचं वाचलेलं नाही. प्रूफ घेऊन जा, नवीन वाक्य दाखवा.

खजिनदारांच्या वाक्याचं असं करा. आधी त्यांना फोन करा, वृत्तांत छापायचाय, हिशोबाचे आकडे द्या म्हणावं, जमा किती, मांडवाला किती, प्रसादाला किती, शिल्लक किती, यंदाचे आणि मागच्या दोन वर्षांचेही. तारीख सांगून मागा. कदाचित देतील, कदाचित खरंच काही अडचण असेल, कुठल्या पावत्या सापडत नसतील, म्हातारा माणूस असेल तर सांगायला संकोचही वाटत असेल, ते आपल्याला विचारल्याशिवाय कसं कळणार. आकडे आले तर वृत्तांताखाली तक्ता छापा आणि विशेषण एकसुद्धा लावू नका. नाही आले तर एकच वाक्य लिहा, “या आणि मागील दोन वर्षांचा जमाखर्च हा अंक छपाईला जाईपर्यंत मिळालेला नाही, तो वार्षिक सभेत मांडावा अशी सभासदांच्या वतीने विनंती आहे.” हे अध्यक्षांना आधी दाखवून घ्या. काकांना राग येईल, यंदा आभाराचा फोन येणार नाही, पण राग कशाचा आलाय ते त्यांनाही कळेल आणि सभेलाही, आणि सभेत कुणी हात वर करून विचारलं तर त्यांना उत्तर द्यायला एक सरळ प्रश्न समोर असेल.